मुकुंदराजांच्या 'विवेकसिंधु'तील संवाद आणि विद्यापीठीय वर्गातील सक्रिय अध्ययन

प्रस्तावना :
सक्रिय अध्ययनाची चर्चा निघाली की ती पाश्चात्त्य कल्पना असल्याचे काही जण म्हणतात. गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने ती आपल्याकडे पूर्वापार आहे, असे इतर सांगतात. दुसऱ्या भूमिकेची तपासणी बीड जिल्ह्यातच करता येते. मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईत आहे आणि परंपरेने शके 1110 (इ.स. 1188) मधील मानला जाणारा त्यांचा 'विवेकसिंधु' गुरुशिष्यसंवादरूप आहे.

संवादाचे स्वरूप :
अठरा प्रकरणांच्या या ग्रंथाने वेदान्तासारखा विषय मराठीत आणला, हेच मोठे अध्यापनकार्य होय. शंकेमुळे विवेचनास क्रम लाभतो, हे संवादाचे सामर्थ्य. परंतु शंका आणि समाधान या दोहोंचा कर्ता एकच आहे. समाधान सिद्ध असते म्हणूनच शंका उपस्थित होते. अंबाजोगाईच्याच दासोपंतांनी (1551-1615) सुमारे 40 फूट लांबीच्या पासोडीवर पंचीकरण मांडले. विषय डोळ्यांसमोर उलगडण्याचा तो असामान्य प्रयत्न आहे. तथापि तीही एकाच हाताची निर्मिती आहे. म्हणून ही दोन्ही उदाहरणे उत्तम अध्यापनाची ठरतात. ती सक्रिय अध्ययनाचा पुरावा ठरत नाहीत.

आजचा वर्ग :
नॅकच्या निकषांत अनुभवाधारित व सहभागी अध्ययन आणि समस्या-निराकरण यांचा समावेश आहे. मात्र प्राध्यापकाने प्रश्न द्यायचा, उत्तरही सुचवायचे आणि गटचर्चेचे छायाचित्र अहवालास जोडायचे, असे घडल्यास तो 'विवेकसिंधु'चाच आकृतिबंध ठरतो. त्यात मुकुंदराजांची प्रतिभा तेवढी नसते. शिवाय या जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात व हंगाम संपल्यावर परततात. अशा घरातील विद्यार्थी वर्गात नसेल, तर केवळ उपस्थितांच्या चर्चेवर गुण देणारी पद्धती त्याला दुसऱ्यांदा वगळते. त्याला कोपीवर बसून लिहिता येईल असे काम हवे : एका प्रकरणाचे वाचन करून, गुरूच्या उत्तराने न मिटलेली आपली शंका लिहून आणणे. परतल्यावर वर्गाने त्याच शंकेपासून आरंभ करावा.

निष्कर्ष :
परंपरेचा दाखला देऊन सक्रिय अध्ययन सिद्ध होत नाही. प्राचीन संवाद पाठ्यपुस्तकात असणे पुरेसे नाही. ज्या शंकेचे उत्तर प्राध्यापकाजवळ तयार नाही, अशी शंका विद्यार्थ्याला विचारता येणे आणि तिला अंतर्गत मूल्यमापनात गुण मिळणे, ही त्याची खरी कसोटी आहे.