संकल्पाची मर्यादा
सान्तियागो रामोन इ काहाल यांचा तरुण संशोधकांसाठी लिहिलेला उपदेशग्रंथ त्यांच्या १८९७ मधील माद्रिद येथील व्याख्यानातून सिद्ध झाला. त्यातील इच्छाशक्तीच्या विकारांचे प्रकरण मार्मिक आहे. ग्रंथसंग्रहात वा उपकरणांतच रमणारे पंडित तेथे अचूक टिपले आहेत. परंतु अपयशाचे मूळ मुख्यतः व्यक्तीच्या संकल्पात शोधणे एकांगी होय. काहाल यांनी १८८८ मध्ये स्वतःचे नियतकालिक काढले, तरी युरोपात त्यांची फारशी दखल घेतली गेली नाही. १८८९ मध्ये बर्लिनच्या परिषदेत त्यांनी मज्जापेशींच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली मांडल्या, तेव्हा कोठे कोलिकर यांची खात्री पटली. संशोधन करणे आणि ते जाणकारांपुढे मांडणे ही दोन भिन्न कौशल्ये आहेत. दुसरे शिकविण्याचा भार एकट्या विद्यार्थ्याच्या संकल्पावर टाकता येत नाही; तो विभागानेही उचलावयास हवा.