नायट्रोजन ऑक्साइडची उत्सर्जन मर्यादा : २०२० च्या शिथिलतेची चिकित्सा

कोळशावर चालणाऱ्या औष्णिक विद्युत केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडवर ७ डिसेंबर २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेने मर्यादा घातली. २००३ अखेरपर्यंत उभारलेल्या संचांसाठी प्रतिघनमीटर ६०० मिलिग्रॅम, २००४ ते २०१६ मधील संचांसाठी ३०० आणि त्यानंतरच्या संचांसाठी १०० अशी ती वर्गवारी होती. ऑक्टोबर २०२० मध्ये केवळ मधल्या गटाची मर्यादा ४५० करण्यात आली.

भारतीय कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के असते; या राखेमुळे उत्प्रेरक झिजतो, बुजतो, हा वीज उद्योगाचा जुना आक्षेप आहे. तो निराधार नाही. मात्र तो लागू पडतो अमोनिया व उत्प्रेरक वापरून धूरवायू शुद्ध करण्याच्या पद्धतीस. नायट्रोजन ऑक्साइड तयार होतो तो कोळशातील नायट्रोजनपासून व अतितप्त ज्योतीत हवेतील नायट्रोजनपासून. ज्वलनासाठीची हवा टप्प्याटप्प्याने दिली, ज्योतीच्या गाभ्यात प्राणवायू कमी ठेवला, तर त्याची निर्मितीच घटते. सुधारित बर्नर आणि भट्टीच्या वरच्या भागातून सोडलेली हवा एवढ्यावर हे साधते. राखेचा येथे विशेष अडसर नाही. ३०० ची मर्यादा मुख्यतः याच उपायांच्या आवाक्यातील होती, १०० ची नव्हे. म्हणजे राखेचा आक्षेप जेथे खरोखर बोचतो, तेथे सूट नाही. जेथे तो दुबळा आहे, तेथे मिळाली!

दुसरा युक्तिवाद अंशभाराचा. दिवसा सौरवीज वाढली की औष्णिक संच कमी भारावर चालवावे लागतात. तेव्हा भट्टीतील हवेचे प्रमाण तुलनेने वाढते आणि नियंत्रण ढळते. ही अडचण खरी आहे व ती वाढतच जाणार. परंतु ४५० ची सवलत पूर्ण भारावरही लागू असल्याने, ३०० च्या आत राहू शकणाऱ्या संचालाही बर्नरची निगा राखण्याचे कारण उरत नाही.

चंद्रपूर केंद्रात २००३ पूर्वीचे पाच संच ६०० च्या, तर २०१६ मध्ये सुरू झालेले आठवा व नववा हे दोन संच ४५० च्या मर्यादेत येतात. काही महिन्यांच्या विलंबाने हेच दोन संच १०० च्या गटात गेले असते. आवार एक, हवाही एकच.

भारानुसार बदलणारी मर्यादा अव्यवहार्य म्हणता येणार नाही. धुराड्यांवर सतत मोजमाप करणारी यंत्रे बसविण्याचे निर्देश केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्येच दिले आहेत, आणि संचाच्या भाराची नोंद तर प्रत्येक केंद्रात होतच असते.