लाळेची प्रतिपिंडाधारित ओळख : न्यायसहायक विज्ञानातील एका चाचणीची चिकित्सा

प्रस्तावना :
गुन्ह्याच्या तपासात रक्त व वीर्य यांच्याप्रमाणेच लाळेच्या डागालाही महत्त्व आहे. चाव्याची खूण, सिगारेटचे थोटूक किंवा पीडितेचे वस्त्र यांवर लाळ वाळून राहते, परंतु ती सहसा डोळ्यांना दिसत नाही. असा डाग लाळेचा आहे आणि तो मानवाचाच आहे, हे ठरविण्यासाठी प्रतिपिंडांवर आधारित चाचण्या वापरल्या जातात. या चाचण्या नेमके काय सिद्ध करतात, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :
प्रतिपिंडांचा न्यायसहायक उपयोग नवा नाही. १९०१ मध्ये पॉल उलेनहुथ यांनी रक्ताचा डाग मानवाचा की अन्य प्राण्याचा, हे प्रतिपिंडयुक्त रक्तद्रवाच्या साहाय्याने ओळखण्याची रीत मांडली. १९७५ मध्ये कोलर व मिलस्टाइन यांनी मोनोक्लोनल प्रतिपिंडे तयार करण्याचे तंत्र विकसित केले व ही ओळख अधिक नेमकी झाली. लाळेच्या बाबतीत मात्र दीर्घकाळ अमायलेज या विकराची क्रियाशीलता मोजण्यावरच भर होता. स्टार्च-आयोडीन व फॅडेबास या चाचण्या त्याच प्रकारच्या होत. परंतु अमायलेज इतर प्राण्यांत व जीवाणूंतही आढळते. त्यामुळे डाग मानवाचाच आहे, हे या चाचण्यांवरून ठरत नाही.

चाचणीचे स्वरूप व गुण :
आरएसआयडी-सलायव्हा ही पट्टी मानवी लाळेतील अल्फा-अमायलेजविरुद्धच्या दोन मोनोक्लोनल प्रतिपिंडांवर आधारित आहे. एक प्रतिपिंड सुवर्णकणांना जोडलेले असते, तर दुसरे पट्टीवर स्थिर केलेले असते. दोहोंमध्ये अमायलेज पकडले गेले की रंगीत रेषा उमटते. सुमारे १० मिनिटांत निष्कर्ष मिळतो. विकर क्रियाशील असण्याची येथे गरज नसते. त्याचे अस्तित्व पुरते. जुन्या चाचण्यांच्या तुलनेत ही निश्चितच प्रगती होय.

मर्यादा :
तथापि प्रतिपिंड प्रथिन ओळखते, ते मुखातूनच आले की नाही हे ओळखत नाही. लाळेतील व स्वादुपिंडातील अमायलेजची रचना सुमारे ९७ टक्के सारखी आहे. शिवाय लाळेतील प्रकारचे अमायलेज मातेच्या दुधातही असते. त्यामुळे मातेचे दूध, विष्ठा आणि काही वेळा मूत्र यांच्या नमुन्यांतही ही चाचणी सकारात्मक आल्याची नोंद आहे. उलटपक्षी, नमुन्यात अमायलेज फार जास्त असल्यास दोन्ही प्रतिपिंडे स्वतंत्रपणे व्यापली जातात आणि रेषा फिकट किंवा अदृश्य होऊ शकते. हा दोष नमुना विरल करून टाळता येतो. पहिला दोष मात्र चाचणीच्या तत्त्वातच आहे.

न्यायदृष्ट्या महत्त्व :
लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात अंतर्वस्त्रावर लाळ आढळणे हे विशिष्ट कृत्याचे सूचक मानले जाते. परंतु अंतर्वस्त्रावर मूत्र व विष्ठेचे अंश स्वाभाविकपणेच असतात. डीएनए चाचणी पेशी कोणाच्या हे सांगते. त्या कोणत्या द्रवातून आल्या हे सांगत नाही. म्हणून अहवालातील ‘लाळ आढळली’ हे दोन शब्द एखाद्या निरपराध्यास गुंतवू शकतात, तसेच उलटतपासणीत टिकले नाहीत तर पीडितेची खरी तक्रारही दुबळी करू शकतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ नुसार तज्ज्ञांचे मत ग्राह्य आहे. मात्र त्या मताचे मूल्य त्याच्या आधारांवर अवलंबून असते.

समारोप :
सारांश, ही चाचणी त्याज्य नाही. तिच्या निष्कर्षाची भाषा सुधारणे आवश्यक आहे. ‘मानवी अल्फा-अमायलेज आढळले, ते लाळेचे असणे संभवते’ एवढेच तिच्या आधारे म्हणता येते. स्टॅथेरिन व हिस्टॅटिन यांच्या संदेशवाही आरएनएची तपासणी जोडल्यास हे विधान अधिक बळकट होईल. प्रयोगशाळेने केलेला हा शब्दसंयम न्यायदानास साहाय्यभूतच ठरेल.