काळ्याचा जांभळा होतो तेव्हा

टेबलावर दोन छायाचित्रे शेजारी शेजारी मांडली आहेत. आपण ती एकत्रच पाहू. दोन्हींत जास्वंदीची तीच फांदी, तेच नुकते उमललेले लाल फूल आणि त्याच्या देठाशी बसलेला तोच अर्ध्या वितीचा पक्षी. डावीकडच्या छायाचित्रात तो काळा आहे. नुसता काळा, चुलीतून विझून निघालेल्या कोळशासारखा, इतका की डोळा कुठे आहे तेही शोधावे लागते. उजवीकडच्या छायाचित्रात मात्र त्याच काळ्याच्या पोटातून जांभळा वर आला आहे, डोक्यावर आणि खांद्यावर मोरपिशी झळाळी पसरली आहे, आणि छातीवरची पिसे अशी तेवताहेत की आपण नकळत छायाचित्र उचलून खिडकीशी नेतो. या दोन छायाचित्रांमध्ये एका सेकंदाचेही अंतर नाही. शिंजीराने मान वळवली, एवढेच काय ते मधल्या वेळात घडले.

आपल्याला पैठणीतली धूपछाव ठाऊक असते. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा, म्हणून पदर हलला की रंग पालटतो. शिंजीराची नवलाई याच्या पुढची आहे, कारण त्याच्या पिसात दुसऱ्या रंगाचा धागाच नाही. तिथे आहेत ते काळसर द्रव्याचे अतिसूक्ष्म कण, पातळ पातळ थरांत रचलेले. त्या थरांवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात, काही रंग मावळतात, काही बळावतात. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसाळी रस्त्यावरच्या तेलाच्या तवंगावर रंग नाचतात, त्यामागेही प्रकाशाचा हाच खेळ आहे. जांभळा पिसाच्या पोटात नसतो. ऊन, पीस आणि पाहणाऱ्याचा डोळा यांचा कोन जुळला की तो उपजतो आणि कोन मोडला की विरून जातो. हे कळल्यापासून मी सूर्य पाठीशी ठेवून, जास्वंदीच्या पूर्वेला, सकाळी आठच्या कोवळ्या उन्हात बसू लागले. दुपारी डोक्यावर ऊन असताना तोच पक्षी त्याच फांदीवर कितीही वेळ बसला, तरी मी कॅमेरा उचलत नाही.

अजून ते उजवीकडचे छायाचित्र खाली ठेवू नका. फुलाच्या तळाशी, जिथे लाल पाकळ्या हिरव्या पेल्यात रोवलेल्या असतात, तिथे एक बारीकशी चीर दिसते आहे. आणि पक्ष्याची बाकदार चोच फुलाच्या तोंडात नाही, त्या चिरेत आहे. जास्वंदीचा बेत असा की पाहुण्याने दर्शनी दारातून यावे, बाहेर आलेल्या लांब दांड्यावरचे पराग अंगाला लावून घ्यावेत आणि मग मध प्यावा. शिंजीर मागच्या दाराने येतो, भिंतीला भोक पाडतो आणि परागाचा एक कणही अंगाला न लावता मध घेऊन जातो. कित्येक वर्षे मी संकष्टीला गणपतीसाठी जास्वंदी खुडत आले होते, तळाशी चिरलेली फुले बाजूला काढून ठेवत आले होते, आणि हे काम मुंग्यांचे किंवा अळीचे असावे असे धरून चालले होते. मोठ्या पडद्यावर हे छायाचित्र उघडले त्या दिवशी खरा प्रकार दिसला. तेव्हापासून चिरलेले फूल मी परडीत आधी ठेवते.

जाता जाता एक मत नोंदवून ठेवते. नराच्या त्या झगमगाटापुढे मादीचे छायाचित्र सहसा कुणी काढत नाही. पाठीवर मेंदीचा फिकट हिरवा, पोटाशी हळदीचा पुसट पिवळा, एवढाच तिचा साज. पण ढगाळ सकाळी, सावली कुठेच गडद नसताना, तिच्या पोटाखालचा तो पिवळा लाल पाकळीशेजारी जसा उठून येतो, तसा नराचा जांभळाही येत नाही. शिवाय विणीचा हंगाम सरला की नराचाही बहुतेक साज उतरतो. मग तो जवळजवळ तिच्यासारखाच दिसू लागतो, फक्त हनुवटीपासून पोटापर्यंत एक गडद रेघ तेवढी उरते. मला विचाराल तर ती रेघ असलेले छायाचित्र संग्रहात असायलाच हवे.

आमचे परस म्हणजे साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, विहिरीच्या कठड्यापासून कुंपणापर्यंतची वीस-बावीस पावले. त्यात जास्वंद, तगर, लिंबू, कढीपत्ता, सदाफुलीचा वाफा, कुंपणाला आपोआप आलेली घाणेरी आणि अर्थातच तुळस. पंचवीसेक किलोमीटरवर कासचे पठार आहे. फुलांच्या दिवसांत तिथे साऱ्या महाराष्ट्रातून माणसे कॅमेरे घेऊन येतात आणि आम्हीही वर्षातून एकदा जातो. तिथे डोळे दिपतात, यात शंका नाही. परंतु परसातल्या छायाचित्रणाची गोडी वेगळीच आहे, ती ओळखीची गोडी आहे. पठारावर आपण पाहुणे असतो आणि दिसेल ते घेऊन परततो. परसात मात्र तीच फांदी, तेच ऊन, तेच सवंगडी रोज नव्याने भेटतात आणि काल चुकलेले आज जुळवता येते.

त्या ओळखीतले सर्वांत जिव्हाळ्याचे पान तुळशीचे. पावसाळा सरत आला की आमच्या तुळशीला मंजिऱ्या भरभरून येतात, आणि सासूबाईंचा नेम असा की मंजिरी सुकू लागली की खुडायची. “मंजिऱ्या ठेवल्या तर तुळस वाळते गं,” हे त्यांचे बोल अनुभवाचे आहेत. एकदा त्या आठ दिवस गावी गेल्या आणि मंजिऱ्या राहून गेल्या. एका पहाटे दिवा लावायला गेले, तर एका वाळक्या काडीवर पाच-सहा फुगीर मणी ओवल्यासारखे दिसले. वाकून पाहिले, तर मधमाश्या. हलत नव्हत्या, उडत नव्हत्या. झोपल्या होत्या.

हे छायाचित्र आता जवळ घ्या, कारण इथे घाईने पाहिले तर काहीच दिसणार नाही. या फुलोरी नव्हेत, सातेरी नव्हेत, पोळे करणाऱ्या कोणत्याच जातीच्या नव्हेत. या एकेकट्या राहणाऱ्या, काळ्या पोटावर निळे पट्टे असलेल्या मधमाश्या, आणि काडीवर झोपलेले हे सगळे नर. माद्या जमिनीत बीळ करून त्यात राहतात. नरांना घर नाही, म्हणून रात्र पडली की ते एखाद्या काडीवर जमतात. आता पाय पाहा. सहाही पाय पोटाशी घेतलेले आहेत. काडीला त्यातल्या एकाचाही आधार नाही. मग अंग तोलले आहे कशावर? जबड्यांवर. नुसत्या जबड्यांनी काडी चावून धरायची आणि सारे शरीर हवेत आडवे सोडून निजायचे. डोळ्यांवर दव आहे, पाठीवरच्या तपकिरी लवेवर दव आहे, आणि निळ्या पट्ट्यावर अडकलेल्या एका थेंबात, छायाचित्र पुरेसे मोठे केले तर, आमच्या स्वयंपाकघराची पिवळी खिडकी उलटी दिसते.

हा थेंब टिपायला मला सलग अकरा पहाटा लागल्या. मॅक्रो लेन्सने वस्तूएवढीच मोठी प्रतिमा घ्यायची म्हटले की स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा उरतो. पुढचा डोळा रेखीव आला तर मागचा धुक्यात जातो, आणि आपण श्वास सोडला तरी फोकस सरकतो. वारा तर वैरीच. सकाळी सहा ते साडेसहा, वारा पडलेला, ऊन अजून कौलांच्या वर, एवढाच काय तो अवधी. मी पाटावर बसायची, कॅमेरा उलट्या घमेल्यावर वाळूच्या पिशवीत टेकवायची, आणि पुढच्या डोळ्यावर नेम धरून वाट पाहायची. मग ऊन काडीवर उतरे. आधी एक मिशी हले. मग पुढचे पाय डोळ्यांवरचे दव पुसून काढत, अगदी आपण सकाळी चूळ भरून तोंडावरून हात फिरवतो तसे. मग पंख न उघडताच सारे अंग थरथरू लागे. उडण्याचे स्नायू असे आत चालवून ते शरीर तापवतात. आणि क्षणात काडी रिकामी. सासूबाई परतल्यावर मी त्यांना एका पहाटे पाटावर बसवले आणि हे दाखवले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “विहिरीकडच्या बाजूच्या दोन मंजिऱ्या आता खुडू नकोस.”

या जातीची मादी छायाचित्रापेक्षा कानाने अधिक आवडावी अशी आहे. ती वांग्याच्या फुलावर बसते, फुलाला घट्ट धरते आणि अंग असे कंपवते की नळीसारख्या पुंकेसरांतून पराग झडतो. त्या क्षणी तिची गुणगुण एकदम वरच्या पट्टीला जाते. छायाचित्रात आवाज येत नाही, ही एकच खंत.

लिंबाच्या पानावरची पक्ष्याची विष्ठा आपण कधी निरखून पाहिली आहे? बहुधा नाही, आणि लिंबाळी फुलपाखराच्या अळीचा सारा भरवसा त्यावरच आहे. लहानपणी ती काळपट-तपकिरी असते, मधे पांढरा डाग, वर ओलसर चकाकी. शिंपी पक्षी तिच्याशेजारून उड्या मारत जातो आणि तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मोठी झाली की ती कात टाकून पानासारखी हिरवीगार होते. तेव्हा काडीने हळूच स्पर्श केला तर डोक्यामागून नारिंगी रंगाचे एक दुबेळके बाहेर काढते आणि आंबूस, उग्र वास सोडते. ते छायाचित्र माझ्याकडे एकच आहे. पुन्हा तिला डिवचावेसे वाटले नाही.

राणी पाकोळीने मात्र मला फार शिकवले. महाराष्ट्राने 2015 मध्ये तिला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे महाराष्ट्र देशातले पहिले राज्य. मखमली काळे पंख, त्यांवर आभाळी निळ्याचा शिडकावा, पसरलेल्या पंखांची रुंदी बारा ते पंधरा सेंटिमीटर. भादव्यात ती घाणेरीवर उतरते तेव्हा सारे परस लहान वाटू लागते. पण ती मध पिताना विसावत नाही. फुलाला पाय टेकवूनही पुढचे पंख फडफडत ठेवते. शटरचा वेग 1/2000 सेकंदावर नेऊन मी तिला अनेकदा गोठवली, आणि प्रत्येक वेळी ती टाचणीने टोचलेल्या संग्रहातल्या फुलपाखरासारखी दिसली. शेवटी एका संध्याकाळी उजेड कमी होता म्हणून 1/60 वर घेतले. त्यात डोके आणि सोंड स्थिर आहे, सोंड घाणेरीच्या एका नारिंगी फुलात बुडलेली आहे, मागचे पंख अर्धे स्पष्ट, आणि पुढचे पंख म्हणजे नुसता निळसर काळा धूर. तंत्राच्या काटेकोर कसोटीला ते उतरणार नाही. तरीही माझ्या मते राणी पाकोळी कशी असते हे सांगणारे ते एकच छायाचित्र आहे, आणि भिंतीवर चौकटीत लावले आहे ते तेच.

घराभोवतीच्या या सृष्टीकडे अशा मायेने पाहणारा एक माणूस याच साताऱ्यात जन्मला होता, हे मला फार उशिरा समजले. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, जन्म 1851. तो मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. सोसायटी 1883 सालची, आणि ‘द ट्राइब्स ऑन माय फ्रंटियर’ हे त्याचे पुस्तकही त्याच सालचे. बंगल्याच्या आसऱ्याने राहणाऱ्या मुंग्या, बेडूक, पाली, कावळे यांच्यावर त्याने सबंध पुस्तक लिहिले. त्याच्याजवळ ना मॅक्रो लेन्स होती, ना सेकंदाला वीस चित्रे घेणारा कॅमेरा. तो नुसता व्हरांड्यात बसून पाहत असे. त्याच्या गावात राहून, त्याने पाहिले त्याच जातीच्या पाहुण्यांकडे आपणही पाहतो आहोत, या विचाराने आजही सकाळी पाटावर बसताना अंगावर हलकासा काटा येतो.

एक छायाचित्र मात्र आपल्याला दाखवता येणार नाही. गेल्या चैत्रात शिंजीराच्या मादीने तगरीच्या फांदीला घरटे टांगले. कोळ्याच्या जाळ्याने बांधलेले, सालपटांनी मढवलेले, वाऱ्यावर झुलणारे. खिडकीपासून सहा फुटांवर. ते टिपायचे तर मधली तीन पाने छाटावी लागली असती, आणि तीच तीन पाने घरट्यावर दुपारची सावली धरत होती. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला. पिल्ले उडाली तेव्हा एक कावळा कुंपणावर बसून होता, पण त्याला उशीर झाला होता.

आपल्याकडे मोठा कॅमेरा नसेल तर मोबाइलही पुरेल, अंगण नसेल तर गॅलरीतल्या चार कुंड्या पुरतील. येत्या पावसाच्या तोंडाशी एक लिंबू किंवा कढीपत्ता लावा, त्याची पाने कुरतडलेली दिसली तर औषध फवारू नका. आणि तुळशीच्या दोन मंजिऱ्या वाळू द्या. पाहुणे कधी येतील ते सांगता येत नाही, पण सूर्योदयापूर्वी अर्धा तास तिथे जाऊन पाहा.