अंतरपाट सरकतो तेव्हा

स्मरणिकेसाठी यंदा परीक्षण लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात एखादी कादंबरी नाहीतर नाटक असणार. मी म्हटलं, "टीव्हीवरच्या जुन्या खेळांवर लिहिते. त्यातल्या सरकत्या भिंती, फिरती चाकं, उघडणारी दारं, त्यांच्यावर." फोनवर पलीकडे काही क्षण आवाजच आला नाही. मग "बरं, पण फार लांबवू नका," एवढंच उत्तर मिळालं.

वाचकहो, माझा हट्ट अगदीच बिनबुडाचा नाही. आपलं लुडविग्सहाफेन म्हणजे रसायनांच्या कारखान्याचं गाव, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. पण जर्मनीतलं खाजगी टेलिव्हिजन याच गावात जन्माला आलं. १ जानेवारी १९८४ रोजी केबलच्या प्रायोगिक प्रकल्पात इथल्या एका तळघरातल्या स्टुडिओतून पहिलं खाजगी प्रक्षेपण झालं. त्याच वाहिनीचं नाव पुढच्या वर्षी झात-आइन्स झालं. नंतर ती इथून गेली, पण राज्याची माध्यम-नियामक संस्था अजून आपल्याच गावात आहे. 'ग्लुक्सराड' म्हणजे नशिबाचं चाक आणि 'गे आउफ्स गांत्सं' म्हणजे तीन दारांचा खेळ, हे दोन्ही याच वाहिनीने घरोघरी पोचवले. तेव्हा या विषयावर लिहायचा हक्क आपल्या गावाला थोडा जास्तच आहे!

आम्ही इथे आलो १९९० साली. माझी आई साताऱ्याहून पहिल्यांदा तीन महिन्यांसाठी आली ती त्यानंतर दोन वर्षांनी. तिला जर्मनचा एक शब्द येत नव्हता. बातम्या तिला नुसत्या आवाजासारख्या वाटत आणि मालिका पाहून ती कंटाळे. पण 'हेर्त्सब्लाट' लागलं की हातातली भाजीची परात बाजूला ठेवून पुढे सरकून बसे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. एका बाजूला एक मुलगी किंवा मुलगा, दुसऱ्या बाजूला तीन उमेदवार, आणि मध्ये भिंत. पलीकडचं माणूस दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतो. प्रश्न विचारायचे, उत्तरं ऐकायची आणि एकाची निवड करायची. मग नाकारलेले दोघे एकेक करून समोर येऊन भेटून जातात, आणि शेवटी भिंत सरकते. हा खेळ मूळ अमेरिकेतला, १९६५चा. जर्मनीत तो १९८७मध्ये आला आणि पहिली काही वर्षं रुडी कारेल या डच गृहस्थाने तो चालवला.

पहिल्याच वेळी भिंत सरकायला लागली तशी आई म्हणाली, "अगं, हा तर अंतरपाटच की!"

मी तोवर हा कार्यक्रम शेजारणीसारखाच पाहत होते, म्हणजे कोण किती चावट उत्तर देतो तेवढ्यासाठी. आईला उत्तरं कळतच नव्हती, म्हणून तिला खेळाचा सांगाडा दिसला. आपल्या लग्नात मंगलाष्टकं कितीही सुरेल असली तरी डोळे असतात ते दोघांनी धरलेल्या त्या वस्त्रावर. ते खाली येईपर्यंत काहीच झालेलं नसतं आणि आल्यावर सगळंच झालेलं असतं. 'हेर्त्सब्लाट'च्या कर्त्यांना हे नेमकं कळलं होतं. निवड झाल्या झाल्या भिंत हटत नाही. आधी सुझीचा तो लाडिक आवाज तिघांच्याही उत्तरांचं सार सांगतो, मग निवड, मग नाकारलेल्यांचं दर्शन. म्हणजे काय गमावलं ते आधी दाखवायचं आणि काय मिळवलं ते शेवटी. आणि भिंत सरकते तीही सावकाश. त्या दोन-तीन सेकंदांत दोन्ही चेहरे सावरायची धडपड करत असतात, आणि तेवढ्यात कॅमेऱ्याने टिपलेलं जे काही असेल ते कुठल्याही लेखकाला लिहिता आलं नसतं. पुढची हेलिकॉप्टरची सफर वगैरे मला नेहमीच फुकटची वाटली. कार्यक्रम भिंतीपाशी संपलेला असे.

फिरतं नेपथ्य आपल्याला नवं नाही. आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' १९६२ साली दिल्लीत पहिल्यांदा झालं ते फिरत्या रंगमंचावर. प्रभाकर पणशीकरांची पाच रूपं आणि मध्ये मध्ये येणारं कोर्ट, हे सगळं पडदा न पाडता समोरून फिरून यायचं. युरोपातला असा पहिला रंगमंच कार्ल लाउटेनश्लेगर यांनी १८९६ साली म्युनिकमध्ये उभारला होता. जपानी काबुकीत तो त्याच्याही कितीतरी आधी होता. पण नाटकातला नट मंच कधी फिरणार आणि पुढे काय येणार हे जाणून असतो. मंच त्याच्या सोयीसाठी फिरतो. टीव्हीवरच्या खेळात उलटं असतं. तिथे समोरच्या माणसाला काहीच माहीत नसतं, आणि जे माहीत आहे ते सगळं त्या लाकडी सांगाड्याला. त्यामुळे चांगल्या खेळात भिंत, दार, चाक हेच मुख्य पात्र होतं. सूत्रधार कितीही बोलका असो, निकाल त्याच्या हातात नसतो.

माझ्या मते या सगळ्यांत सरस काम केलं ते एका सरकत्या पट्ट्याने. कारेलचाच त्याआधीचा कार्यक्रम, 'आम लाउफेंडन बांड', रेडिओ ब्रेमेनने केलेला, १९७४ ते १९७९. नावातच कोटी आहे. शब्दशः अर्थ 'चालत्या पट्ट्यावर', आणि बोलीत अर्थ 'सारखं, एकामागून एक'. एकाच घरातल्या दोन पिढ्यांच्या जोड्या खेळायच्या, बाप-लेक, आजी-नातू अशा. शेवटी उरलेल्या एकासमोरून पट्ट्यावर एकेक वस्तू जायची: कधी घरातली उपकरणं, कधी खेळणी, कधी काही अगदीच विचित्र. एका खोक्यावर नुसतं प्रश्नचिन्ह. पट्टा थांबला की जेवढ्या वस्तूंची नावं आठवून सांगाल तेवढ्या तुमच्या.

यात किती कमी सामग्रीत किती मोठं नाट्य उभं केलंय पाहा. वस्तू येते तेव्हा तुमची नसते, समोर असते तेव्हाही तुमची नसते, नजरेआड झाल्यावर लक्षात राहिली तरच तुमची होते. दार उघडून बक्षीस दाखवणारे खेळ माणसाला हावरट करतात. हा पट्टा त्याला अंतर्मुख करतो. डोळे मिटून "इस्त्री... घड्याळ... छत्री..." असं पुटपुटणारा सुटाबुटातला माणूस शाळेत पाठांतर विसरलेल्या पोरासारखा दिसे.

पुढच्या एका भेटीत आई आणि मी याचे जुने भाग पुन्हा लागले तेव्हा घरातच खेळायला बसलो. पट्टा थांबला की आवाज बंद करायचा आणि आपापली यादी म्हणायची. आई माझ्यापुढे चार-पाच वस्तू सहज असायची. मला वाटे, हिचं डोकं तल्लख आहे. मग कारण लक्षात आलं. ती वस्तू पाहताक्षणी "चाळण" म्हणून मोकळी होई. मी आधी मराठीत म्हणे, मग त्याला जर्मनमध्ये काय म्हणतात ते शोधू लागे, आणि तेवढ्यात पुढच्या दोन निघून गेलेल्या असत. आईने ते ओळखलं असावं. "तू दोनदा बघतेस," एवढंच म्हणाली. पट्टा कोणासाठी थांबत नाही, पण कोण कुठे अडखळतंय ते नेमकं दाखवतो.

आता जिथे फसतं तेही सांगायला हवं. 'देअर प्राइस इस्ट हाइस', १९८९ ते १९९७, हारी वाइनफोर्ट. मूळ अमेरिकी खेळातली मोठाली दारं आणि माणसाला दोन्ही हातांनी ओढावं लागणारं ते जड चाक मला आवडतं. ओढणाऱ्याच्या अंगातलं बळ तिथे दिसतं. पण दार उघडलं की आत काय? मोटार, सोफासेट, आणि त्यांची किंमत ओळखा. एवढं नेपथ्य हलवून शेवटी दुकानाचं शटरच वर केलं.

तीन दारांचा खेळ जास्त खोल. मूळ १९६३चा अमेरिकी कार्यक्रम, जर्मनीत १९९२पासून योर्ग ड्रेगरने चालवलेला, आणि हिंदीत २००१ साली स्टार प्लसवर अमन वर्माचा 'खुल जा सिम सिम'. जर्मन अवतारात चुकीच्या दारामागे त्सोंक नावाचं लाल-काळं केसाळ बाहुलं बसलेलं असे. याच खेळावरून ते प्रसिद्ध गणिती कोडं निघालं, जर्मन लोक ज्याला शेळीचं कोडं म्हणतात. तीन दारं, एकामागे मोटार, दोघांमागे शेळ्या. तुम्ही एक दार निवडलंत. सगळं ठाऊक असलेल्या सूत्रधाराने उरलेल्यांपैकी शेळीचं एक दार उघडून दाखवलं. आता निवड बदलावी का? बदलावी, जिंकण्याची शक्यता एक तृतीयांशाची दोन तृतीयांश होते. १९९०मध्ये एका अमेरिकी स्तंभलेखिकेने हे उत्तर छापलं तर हजारो वाचकांनी, त्यांत गणिताच्या प्राध्यापकांनीही, तिला चूक ठरवलं. मला यात रस वेगळ्या कारणाने आहे. एक दार उघडणं ही नुसती शोभा नाही. दार काहीतरी सांगत असतं, आणि आपण ते ऐकत नाही.

हे सगळं हळूहळू गेलं. 'ग्लुक्सराड'मध्ये मारेन गिल्त्सर एकेक अक्षराची पाटी हाताने फिरवायची. आमच्यापैकी कितीजणांचं जर्मन स्पेलिंग त्या पाट्यांवर सुधारलं! मूळ अमेरिकी कार्यक्रमात १९९७मध्ये पाट्यांच्या जागी पडदे आले, आणि व्हॅना व्हाइट पाटी वळवण्याऐवजी पडद्याला नुसता हात लावू लागली. मग 'करोडपती'चा जमाना आला. जर्मनीत १९९९ला ग्युंटर याउख, भारतात २०००ला अमिताभ. अँडी वॉम्झली यांनी मूळ ब्रिटिश कार्यक्रमासाठी केलेल्या त्या नेपथ्यात हलतात ते दिवे. प्रश्न आला की ते झोत खाली झुकतात. काम चोख आहे, मान्य. पण झोत कशाच्याही आड नसतो आणि कशालाही आड करत नाही. पुढे तर भिंतीच पडद्यांच्या झाल्या. पडद्यावर दार उघडताना दाखवलं की मागे काही नाही हे पाहणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. खेळ प्रामाणिक असेलही, पण मी तो डोळ्यांनी तपासू शकत नाही. लाकडाची भिंत कधी अडकायची, कधी करकरायची, आणि म्हणूनच तिच्यावर विश्वास बसायचा.

मराठीत या बाबतीत एक वेगळीच वाट निघाली. 'होम मिनिस्टर', २००४ ते २०२२. नेपथ्यच नाही! आदेश बांदेकर घरी येणार म्हणून बैठकीतलं सामान सरकवायचं, तेवढीच काय ती हालचाल. खेळ म्हणून तो बेताचाच वाटतो मला, पैठणी शेवटी येणार हे घरातल्या लहान पोरालाही माहीत. पण घर खरं होतं, हे नाकारता येत नाही.

मागच्या गणेशोत्सवात आपल्या मंडळात जोडप्यांचा खेळ ठेवला होता. प्रोजेक्टरवर प्रश्न, पडद्यावर फिरणारं चाक, मागे वाजंत्री. कोणी विशेष बघत नव्हतं, बटाटेवड्यांची रांग लांब होती. मग कोणीतरी चादर आणली, दोन मुलांना दोन टोकं धरायला लावली, अलीकडे नवरा, पलीकडे पाच बायका, आणि त्याने फक्त "अहो" या हाकेवरून आपली बायको ओळखायची. वड्यांची रांग मोडली. चौथ्या वेळी एका बाजूच्या मुलाचा हात दुखला आणि त्याने टोक आधीच सोडलं. पलीकडच्या पाचही जणी, आणि अलीकडचा तो गृहस्थ, चुकीचं नाव अर्धं उच्चारलेलं, तोंड उघडं.