बंदूक अठराव्या वर्षी, बिअर एकविसाव्या वर्षी: एका घोषणेची चिकित्सा

पॉडकास्टच्या मागच्या भागात मी एक वाक्य बोलून गेलो. "अठराव्या वर्षी हातात बंदूक देता, मग बिअर द्यायला काय हरकत आहे?" दोघेही हसलो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. भाग आल्यावर इथल्याच एका श्रोत्या ताईंचा निरोप आला. त्यांचा मुलगा एकोणीस वर्षांचा, अमेरिकन आर्मीत आहे. त्यांनी एकच प्रश्न विचारला होता: "तुमचं ते वाक्य माझ्या मुलाच्या बाजूचं होतं, की बिअरच्या?"

उत्तर द्यायला बसलो आणि लक्षात आलं, की मला ते माहीत नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न समजा. टीका आहे ती आधी माझ्या स्वतःच्याच वाक्यावर.

आधी त्या वाक्याची ताकद मान्य करूया. अमेरिकेत १८ पूर्ण झाली की तुम्ही सैन्यात भरती होऊ शकता, मत देऊ शकता, लग्न करू शकता, कर्ज काढू शकता. गुन्हा केलात तर प्रौढ म्हणून तुरुंगात जाता. पण दुकानातून बिअरचा कॅन विकत घ्यायला आणखी तीन वर्षं थांबायचं. युद्धावरून परत आलेल्या वीस वर्षांच्या सैनिकाला बारमध्ये ओळखपत्र दाखवून परत फिरावं लागतं, हे चित्र कुणालाही खटकेल. मलाही खटकतं. म्हणून तर ते वाक्य तोंडातून इतक्या सहज निघालं.

पण हे वाक्य मुळात दारूसाठी जन्मलेलंच नाही, आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो.

१९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, अमेरिकेने सक्तीच्या भरतीचं वय १८ वर आणलं. मतदानाचं वय २१ होतं. तेव्हा घोषणा पुढे आली: लढण्याइतके मोठे, तर मत देण्याइतकेही मोठे. वेस्ट व्हर्जिनियाचे जेनिंग्ज रँडॉल्फ यांनी त्याच वर्षी घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मांडला. जॉर्जियाने १९४३ मध्ये आपल्यापुरतं मतदानाचं वय खाली आणलं. बहुतेक राज्यांना व्हिएतनामपर्यंत वाट पाहावी लागली. २६ वी घटनादुरुस्ती मंजूर झाली ती १९७१ च्या जुलैत.

इथे युक्तिवाद पक्का आहे, कारण दोन गोष्टींमध्ये खरा दुवा आहे. सरकार तुम्हाला सक्तीने मरायला पाठवणार असेल, तर ते सरकार निवडण्यात तुमचा वाटा हवा. मत हे त्या बळजबरीला दिलेलं उत्तर आहे.

आता "मत" काढून तिथे "बिअर" ठेवून बघा. वाक्य तसंच ऐकू येतं, पण दुवा गेला. बिअर न मिळाल्यामुळे कोणी अन्यायाने युद्धावर जात नाही आणि बिअर मिळाल्यामुळे कोणी वाचत नाही. शिवाय सक्तीची भरती १९७३ मध्ये संपली. आज मुलग्यांना अठराव्या वर्षी नाव नोंदवावं लागतं, पण सैन्यात जाणारा स्वतःच्या सहीने जातो. ज्या परिस्थितीतून घोषणेला नैतिक बळ मिळालं होतं ती परिस्थिती बदलली; घोषणा मात्र तशीच फिरते आहे.

तेव्हाच्या लोकांना हा फरक जाणवला नाही. मतदानाचं वय खाली आलं त्याच लाटेत, सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात, जवळपास तीस राज्यांनी दारूचं वयही खाली आणलं. मी राहतो त्या मिशिगनने १९७२ मध्ये ते १८ केलं. सहा वर्षांत मिशिगनच्या मतदारांनीच मत बदललं आणि १९७८ मध्ये सार्वमत घेऊन ते पुन्हा २१ वर नेलं. मग १९८० मध्ये कॅलिफोर्नियात कँडी लाइटनर यांची तेरा वर्षांची मुलगी दारू प्यायलेल्या ड्रायव्हरच्या गाडीखाली गेली आणि त्यांच्या संघटनेने देशभर मोहीम उभी केली. (तो ड्रायव्हर चाळिशी ओलांडलेला आणि याआधीही पकडला गेलेला होता, हे सहसा कुणी सांगत नाही.) १९८४ मध्ये रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने राज्यांना सांगितलं: खरेदीचं वय २१ करा, नाहीतर महामार्गांच्या निधीतला हिस्सा कापू. साउथ डकोटा कोर्टात गेलं. १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी केंद्राची बाजू घेतली.

म्हणजे २१ हा आकडा कुठल्या शास्त्रज्ञाने मोजून काढलेला नाही. तो जुन्या कायद्यातून आला आणि रस्त्यांच्या पैशाच्या दबावाखाली देशभर पसरला. हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. पण आकडा कसा आला हा एक प्रश्न, आणि त्याचा परिणाम काय होतो हा वेगळा प्रश्न.

परिणामांबद्दल मला सर्वांत पटणारा अभ्यास ख्रिस्तोफर कार्पेंटर आणि कार्लोस डॉब्किन यांचा, २००९ चा. त्यांची पद्धत साधी आहे. एकविसाव्या वाढदिवसाच्या जरा आधीची आणि जरा नंतरची मुलं घ्या. त्या काही आठवड्यांत शिक्षण, स्वभाव, घरची परिस्थिती काहीच बदलत नाही. बदलतो तो फक्त कायदा. वाढदिवसानंतर पिण्याच्या दिवसांची संख्या सुमारे २१ टक्क्यांनी वाढते आणि मृत्यूंचं प्रमाण सुमारे ९ टक्क्यांनी. वाढ दिसते ती मुख्यतः वाहन अपघात, दारूशी थेट संबंधित मृत्यू आणि आत्महत्या यांत.

दुसरी बाजूही ऐका. त्याच वर्षी जेफ्री मायरन आणि एलिना टेटेलबॉम यांनी दाखवलं, की वाचलेल्या जिवांचा परिणाम प्रामुख्याने स्वतःहून आधी वय वाढवणाऱ्या राज्यांत दिसतो. केंद्राच्या दबावाखाली बदललेल्या राज्यांत तो फारसा नाही. आणि २००८ मध्ये शंभराहून अधिक कॉलेज-अध्यक्षांनी एका निवेदनावर सही केली, की बंदीमुळे पिणं थांबत नाही, ते बंद दाराआड जातं आणि जास्त बेफाम होतं. इथे शिकवणाऱ्या कुणालाही हे खोटं वाटणार नाही. डेट्रॉइटची मुलं शुक्रवारी नदीपलीकडे विंडसरला जातात, कारण ओंटारिओत १९ पुरे असतात.

तर वाद आहे, आणि तो खरा आहे. पण लक्षात घ्या, वर मांडलेल्या पुराव्यांत "सैन्य" हा शब्द कुठेच आला नाही. अपघात आले, आत्महत्या आल्या, वसतिगृहं आली. दारूच्या वयाबद्दल ज्याला काही ठरवायचं आहे त्याला या गोष्टी बघाव्या लागतील. भरतीचं वय त्यात काहीच भर घालत नाही.

मग ते इतकं पटतं का? माझ्या मते त्यामागे एक गृहीतक लपलेलं आहे: सैन्य अठरा वर्षांच्या मुलाला घेतं, म्हणजे तो परिपक्व असल्याचं प्रमाणपत्रच देतं. जरा थांबून विचार करा. सैन्य खरंच त्याला परिपक्व समजतं का?

भरती झाल्यावर त्याने कधी उठायचं, काय घालायचं, केस किती ठेवायचे हे दुसरा कोणी ठरवतो. बंदूक मिळते, पण सराव संपला की ती मोजून शस्त्रागारात जमा होते. गोळी कधी झाडायची याचे लेखी नियम असतात आणि डोक्यावर सार्जंट असतो. ही सगळी व्यवस्था मुलाच्या स्वतःच्या विवेकावर कमीत कमी विसंबून राहण्यासाठीच उभी केलेली आहे. शुक्रवारी रात्री गाडीच्या किल्ल्या खिशात असताना तिसरा पेग घ्यायचा की नाही, हे सांगायला तिथे सार्जंट नसतो. "बंदूक देता तर बिअर द्या" या वाक्यात ज्या दोन विश्वासांची तुलना आहे, ते एका जातीचे विश्वासच नाहीत.

शिवाय आकड्यांची गंमत बघा. पालकांची संमती असेल तर अमेरिकन सैन्य सतराव्या वर्षीही घेतं. दोन्ही वयं खरोखरच जुळवायची तर बिअर सतराव्या वर्षी द्यावी लागेल. घोषणा देणाऱ्यांपैकी तेवढं मागणारा मला अजून भेटलेला नाही. म्हणजे "जुळवा" हे तत्त्व नव्हतंच; १८ हा आकडा आधी ठरला होता.

सैन्याने स्वतः या प्रश्नाचं काय केलं? केंद्रीय कायद्यानुसार देशातल्या लष्करी तळावर त्या राज्याचंच वय लागू होतं. अपवाद आहे: तळ कॅनडा किंवा मेक्सिकोच्या सीमेपासून पन्नास मैलांच्या आत असेल तर तिथलं कमी वय लावता येतं. आता हा अपवाद सैनिकाच्या शौर्यासाठी नाही, रस्त्यासाठी आहे. पलीकडे जाऊन पिऊन गाडी चालवत परत येण्यापेक्षा तळावर प्यायलेली बरी, एवढाच त्याचा व्यवहार.

उलट, जिथे शौर्याचं बक्षीस म्हणून सूट दिली गेली तिथे काय झालं बघा. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये तंबाखूचं वय २१ केलं आणि सेवेतल्या सैनिकांना त्यातून वगळलं. देशासाठी लढतोस ना, मग सिगारेट ओढ. २०१९ च्या शेवटी केंद्राने देशभर २१ केलं तेव्हा ही सूट ठेवली नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न जुना आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात लष्करी मेस आणि कॅन्टीनना सूट देण्याची तरतूद होती. बलसारा खटल्यात मुंबई हायकोर्टाने तो भेदभाव ठरवला. १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सूट कायम ठेवली, कारण सैन्याची जीवनपद्धती वेगळी. आज महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं लागतात, आणि अग्निवीर साडेसतराव्या वर्षी होता येतं. गावाकडे मिलिटरी कॅन्टीनच्या रमला जो मान आहे तो आपल्याला माहीतच आहे. सैनिकाचे उपकार बाटलीने फेडायची सवय एकट्या अमेरिकेची नाही.

इथवर मी घोषणेच्या विरोधात बोललो. पण तिच्यात एक काटा आहे, आणि तो २१ च्या समर्थकांना टोचायलाच हवा. "अठराव्या वर्षी मेंदूची वाढ पूर्ण झालेली नसते, धोक्याचा अंदाज येत नाही" असं आपण बिअरच्या वेळी म्हणतो. मग तोच मुलगा भरती कार्यालयात बसून एकूण आठ वर्षांच्या बांधिलकीवर सही करतो तेव्हा हा मेंदू कुठे जातो? तेव्हा आपण त्याला देशभक्त म्हणतो आणि टाळ्या वाजवतो. विसंगती खरी आहे. फक्त ती दूर करण्याचा रस्ता बारकडे जातो असं आपण न तपासता धरून चाललो. तो भरती कार्यालयाकडेही जाऊ शकतो: संमतीचा काळ वाढवा, शाळांत येणाऱ्या भरती अधिकाऱ्यांवर लक्ष ठेवा, सही मागे घेणं सोपं करा. पण ही मागणी महाग आहे. बिअर स्वस्त आहे, म्हणून आपण बिअर मागतो.

म्हणून माझं मत असं: दोन्ही वयं जुळवायची गरज नाही. दारूचं वय अपघात, व्यसन आणि मृत्यू यांच्या हिशोबाने ठरवा. त्यातून उद्या १९ योग्य ठरलं तर माझी हरकत नाही. भरतीचं वय त्या सहीच्या गांभीर्याने ठरवा. एकाच्या उणिवेवर दुसऱ्याचं पांघरूण घालू नका.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: ते वाक्य बिअरच्या बाजूचं होतं. तुमच्या मुलाच्या बाजूने बोलायचं असतं तर मी त्याला काय प्यायला मिळत नाही यापेक्षा त्याने कशावर सही केली हे विचारलं असतं. पुढच्या भागात ते विचारू. तुम्हाला आणि त्याला चालणार असेल तर त्यालाच विचारू.