'सेव्ह' झालं म्हणजे नेमकं काय साठवलं गेलं?

हातात धरून वापरायचा स्पेक्ट्रम ॲनालायझर घेऊन तुम्ही पहिल्यांदा फील्डवर जाल, तेव्हा त्यावरचं सर्वात फसवं बटण 'सेव्ह' आहे हे ध्यानात असू द्या. ते दाबलं की फाइल साठवल्याचा निरोप येतो. पण त्या फाइलमध्ये मोजमाप आहे की मोजमापाचं नुसतं चित्र, हे काही तो निरोप सांगत नाही. समजा उपकरण दुसऱ्या विभागाकडून चार दिवसांसाठी मागून आणलंय, जागेची परवानगी एकदाच मिळालीये, आणि परत आल्यावर पेनड्राइव्हमध्ये निघतात ऐंशी पीएनजी चित्रं. त्यावर प्रबंधाचं प्रकरण कसं उभं करणार?

चित्रावरून आकडे काढता येतात की, असं कुणीतरी सांगेलच. काढा. आलेखाची उंची 400 पिक्सेल आणि उभा अक्ष 100 डीबीचा असेल तर एक पिक्सेल पाव डीबीचा. पण रेषेची जाडीच दोन-तीन पिक्सेल, आणि खालच्या गोंगाटात रेषा एकमेकींत मिसळलेल्या. परीक्षकाने "हा -97 कुठून आला?" विचारलं, तर "स्क्रीनवर तसं दिसत होतं" हे उत्तर चालत नाही.

ही उपकरणं अशी का वागतात? माझं मत असं, की ती मुळात टॉवरवर चढणाऱ्या तंत्रज्ञासाठी घडवली गेली. त्याला अहवालात चित्र चिकटवायचं असतं, 'पास' की 'फेल' एवढं दाखवायचं असतं. आपल्याला सहा महिन्यांनी तोच ट्रेस पायथनमध्ये उघडायचा असतो. हा ग्राहक त्यांच्या डोळ्यांसमोर नसावा.

म्हणून मग कंपनीचं सॉफ्टवेअर. अनरित्सूच्या स्पेक्ट्रम मास्टरची जुनी मॉडेल्स एसपीए फाइल साठवतात, ती विंडोजवरच्या मास्टर सॉफ्टवेअर टूल्समध्ये उघडून पुढे सीएसव्ही करायची. रोडे अँड श्वार्झच्या एफएसएच मालिकेसाठी एफएसएच-फोर-व्ह्यू. कीसाइटचा फील्डफॉक्स मात्र थेट सीएसव्ही लिहू शकतो. लिनक्सवाली मंडळी पहिल्या दोघांवर चिडतात, आणि चिडणं रास्तही आहे. दुसऱ्याचा संगणक मागून आपलाच डेटा सोडवून घ्यायचा हा प्रकार संशोधनाला शोभत नाही.

पण इथे एक गोष्ट मला त्या बंद फाइलींच्या बाजूनेही बोलायची आहे. ट्रेसबरोबर तेव्हाची सेटिंग्जही त्यांत बांधलेली असतात: आरबीडब्ल्यू, डिटेक्टर, अटेन्युएशन, प्रीॲम्प चालू की बंद, रेफरन्स ऑफसेट. सीएसव्ही करताना यातलं काय टिकेल ते उपकरणावर आणि आवृत्तीवर अवलंबून. कुठे वर पूर्ण माहिती येते, कुठे नुसते दोन रकाने हातात पडतात. आणि आरबीडब्ल्यू माहीत नसलेला गोंगाटाचा डीबीएम म्हणजे एकक नसलेला आकडाच. आरबीडब्ल्यू 10 किलोहर्ट्झवरून 100 किलोहर्ट्झ केला की तोच गोंगाट 10 डीबीने वर येतो, हवेत काहीही बदललेलं नसताना! म्हणून मूळ फाइल आणि सीएसव्ही, दोन्ही ठेवा. सीएसव्ही मिळाली म्हणून मूळ फाइल उडवू नका.

एक्सपोर्ट कितीही नीट केलं तरी जे साठवलंच नाही ते मिळत नाही, ही गोष्ट वर्कशॉपमध्ये फारशी कुणी बोलत नाही. एफएसएचच्या ट्रेसमध्ये 631 बिंदू असतात. स्पॅन 1 गिगाहर्ट्झ ठेवला तर प्रत्येक बिंदूच्या वाट्याला साधारण 1.6 मेगाहर्ट्झ येतात. जीएसएमचा एक चॅनेल 200 किलोहर्ट्झचा, म्हणजे एका बिंदूत आठ चॅनेल कोंबलेले. पॉझिटिव्ह पीक डिटेक्टर असेल तर त्यातला सर्वात मोठा तेवढा उरतो, बाकीचे सात गेले. स्क्रीन मात्र छान भरलेली दिसते. मॅक्स होल्डचंही तसंच. सर्वोच्च किंमत फाइलमध्ये असते, पण ती दोन मिनिटांत जमली की दोन तासांत, हे बहुधा तुमच्या वहीतच सापडेल. लिहिलं असेल तर.

सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली की पुढचा घोटाळा सुरू होतो. रकान्याची सरासरी घ्यायचा मोह होतो, पण डीबीएमची सरासरी ही शक्तीची सरासरी नव्हे. -60 आणि -80 यांची नुसती सरासरी -70. मिलिवॉटमध्ये बदलून सरासरी काढली आणि परत डीबीएम केलं, तर -63. सात डीबीचा फरक, म्हणजे जवळपास पाचपट शक्ती. शुद्ध गोंगाट असेल तरी डीबीएमची सरासरी खऱ्या शक्तीपेक्षा 2.5 डीबी खाली येते.

गंमत अशी, की हे सगळं सर्वात मोकळेपणाने करू देणारं उपकरण खेळण्यासारखं स्वस्त आहे. टायनीएसए यूएसबीने जोडा, सिरियल पोर्ट उघडा, 'फ्रीक्वेन्सीज' आणि 'डेटा 2' या दोन आज्ञा द्या. वारंवारता आणि मोजलेल्या किमती साध्या अक्षरांत समोर येतात. कुठलंही सॉफ्टवेअर नाही. अचूकतेत आणि मोठ्या सिग्नलशेजारचा लहान सिग्नल पकडण्यात ते मोठ्या उपकरणांच्या जवळपासही नाही, त्यामुळे प्रबंधातली अंतिम मोजमापं त्यावर करा असं मी म्हणणार नाही. पण एक्सपोर्टचा सराव करायला, स्क्रिप्ट आधी लिहून ठेवायला याहून सोपं काही नाही.

घड्याळाचंही पाहा. उपकरण यूटीसीवर असेल तर फाइलींवरची वेळ आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे पडते, आणि मग दुपारची मोजमापं सकाळची वाटतात.

निघण्यापूर्वी प्रयोगशाळेत एकदा पूर्ण साखळी चालवून घ्या. 88 ते 108 मेगाहर्ट्झचा एफएम पट्टा लावा, सर्वात जोरदार स्टेशनवर मार्कर ठेवा, आकडा वहीत लिहा. ट्रेस गोठवून सेव्ह करा, एक्सपोर्ट करा, स्क्रिप्टमध्ये उघडा आणि कमाल किंमत छापा. दोन्ही आकडे जुळायला हवेत. -63.2 ऐवजी एका रकान्यात -63 आणि शेजारच्यात 2 आलं, तर उपकरणाच्या सेटिंगमध्ये दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम निवडलेला आहे. तो आधी बदला.